पडताळणीचं टेबल

४ फेब्रुवारी

प्रिय भोपळे,

फोन करणार होते, पण फोनवर तू हसतेस आणि विषय बदलतेस. म्हणून पत्र. उत्तरही पत्रानेच दे, आणि मुद्द्याला धरून.

आमच्या त्रैमासिकावर गदा आली आहे. काल विद्यापीठाच्या समितीने बोलावलं होतं. तिघे जण. त्यांतल्या एकानेही मानवशास्त्राचं त्रैमासिक उघडून पाहिलेलं नसावं, कारण अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यात हाडांचे फोटो असतात ना?" मी म्हटलं, "हाडं शेजारच्या विभागात. आम्ही जिवंत माणसं कशी राहतात ते छापतो." त्यावर ते म्हणाले, "छापता ते ठीक आहे बाई, पण वाचतं कोण? तुमचा प्रभावांक अर्ध्याच्या आसपास आहे." म्हणजे तुझ्या कार्यालयातून दरवर्षी आमच्या कपाळावर जो आकडा मारला जातो तो. पुढच्या वर्षीच्या यादीत तो एकच्या वर दिसला नाही तर त्रैमासिक बंद, आणि आमची खोली ग्रंथालयाच्या जुन्या खुर्च्यांना.

तू ती खोली पाहिली आहेस. जिन्याखालची, सायकली लावतात त्या बाजूच्या खिडकीची. मधलं लांब टेबलही पाहिलं आहेस, कारण त्याच्यावर पर्स ठेवलीस म्हणून मी तुला ओरडले होते. लेखकाने ज्या ज्या पुस्तकाचा किंवा लेखाचा संदर्भ दिला असेल ते त्या टेबलावर उघडून, नेमक्या पानावर बोट ठेवून, तिथे खरंच तसं लिहिलं आहे का हे पाहिल्याशिवाय आमच्याकडे एकही लेख छापखान्यात जात नाही. लेखक मला शिव्या देतात. एका बड्या प्राध्यापकांनी लेख परत मागवून घेतला, कारण त्यांचे निम्मे संदर्भ त्यांच्याच म्हणण्याच्या उलट निघाले. हे सगळं तुमच्या आकड्यात कुठे मोजलं जातं, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न नाही, काम आहे. तू तिथे विभागप्रमुख आहेस. माझा सहसंपादक, ज्याला तू चिरंजीव म्हणतेस, तो रडकुंडीला आला आहे. माझ्यानंतर हे त्याच्याच हाती जायचं आहे. बघ काय करता येतं ते. कसं ते मला कळवू नकोस, तुमचे नियम तुमच्यापाशी. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, उलट सख्खा भाऊ देऊन टाकला.

धाकट्याला सांग, गुडघ्यांचा व्यायाम करायचा असतो, त्यावर चर्चा करायची नसते.

तुझी,
हवालदार


१९ फेब्रुवारी

प्रिय हवालदार,

तुझं पत्र तुझ्या भावाने आधी फोडलं. "ताई शिस्तीत रागावली आहे" असं म्हणून माझ्या हातात दिलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. हो, तीच खुर्ची. घरात कोण कुठे बसतं यावरचा तुझा लेख मी वाचला. नाव घातलं नाहीस, पण फाटकी उशी आमचीच आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या टेबलावर जे होतं ते आमच्याकडे कुठेच मोजलं जात नाही. आमचं काम सोपं आणि मठ्ठ आहे. तुम्ही गेल्या दोन वर्षांत जे लेख छापले, त्यांचा उल्लेख यंदा बाकीच्यांनी किती वेळा केला, ते मोजायचं आणि लेखांच्या संख्येने भागायचं. झाला प्रभावांक. उल्लेख स्तुतीचा असो की शिवीचा, एकच. वाचून केलेला असो की न वाचता, एकच. वाचत आम्ही कुणीच नाही. सातव्या मजल्यावर गालिचा घातलेल्या खोलीत आम्ही सगळे स्वेटर घालून पडद्यांकडे बघत बसतो आणि यंत्र मोजतं. संख्याशास्त्रात भोपळा मिळवलेल्या माझ्यासारखीला त्यांनी प्रमुख केलं, यातच काय ते समज.

तुझं दुखणं वेगळं आहे. तुमचे लेख लोकांपर्यंत पोचायला दहा वर्षं लागतात, आणि आमची पट्टी दोन वर्षांची. औषधवाल्यांचे लेख भाजीसारखे असतात, आज नाही घेतले तर उद्या कुजतात. तुझे लेख सागवानासारखे. पट्टी मात्र भाजीवाल्याची.

आता तुझं काम. खुर्चीत असताना मी कुणाची वहिनी नाही आणि मैत्रीणही नाही, हे तुला मी सांगायला नको. पण मार्चमध्ये इथे संपादकांसाठी कार्यशाळा आहे, सगळ्यांना खुली. चिरंजीवांना पाठव. उतरायला आमचं घर आहे. मोजणी कशी होते ते नीट समजलं तरी पुष्कळ फरक पडतो.

लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, "आता ती तुझी मैत्रीण नाही, नणंद आहे. वन्सं म्हणायचं, अहो-जाहो करायचं." आपण दोघी मोरीत तोंड दाबून हसलो होतो. इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही. तेव्हा हवालदारीण बाई, काळजी करू नकोस. डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

तुझी,
भोपळा


२ मे

प्रिय भोपळे,

ऑपरेशन झालं. एका डोळ्याला अजून पट्टी आहे, म्हणून थोडक्यात.

चिरंजीव तुझ्याकडून आला तो दुसराच माणूस होऊन. तुझं कौतुक करून करून त्याने मला हैराण केलं. जेवणाच्या टेबलाशी बसून तू त्याला सगळं समजावलंस म्हणे. धाकट्याने त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसू दिलं, हे ऐकून मात्र मला काळजी वाटली. असं तो सख्ख्या बहिणीसाठीही करत नाही.

त्याने सुचवलेले बदल मी मान्य केले आहेत. लेखांचे सारांश नीट लिहायचे, जुने अंक सगळ्यांना वाचायला खुले करायचे. यात काही गैर नाही, उलट हे मलाच आधी सुचायला हवं होतं. टेबलावरची पडताळणी मी एका डोळ्याने करते. त्यानंतरची शेवटची मुद्रितं मात्र आता तोच पाहतो आणि तोच छापखान्यात पाठवतो. डॉक्टरांनी बारीक अक्षर वर्ज्य केलं आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणावर तरी सोडून दिलं. बरं वाटतं, याचं आश्चर्य वाटतं.

तुझी,
हवालदार


२८ जून (वर्ष उलटून)

प्रिय भोपळे,

गेल्या मेमधल्या माझ्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. फोन झाले, पण ते सगळे गुडघ्यांवर. ते असो. आज भांडायला लिहीत नाही.

आकडा आला. तुला तो माझ्या आधीच माहीत असणार. तोंडाला कुलूप लावून बसलीस हे तुझ्या खुर्चीला शोभतं. एक पूर्णांक तीन दशांश. समितीच्या अध्यक्षांनी स्वतः फोन केला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात." मी म्हटलं, "आम्ही छुपे नव्हतो, तुम्ही बघत नव्हता." खोली राहिली. त्रैमासिक राहिलं. वर नवं कपाट मंजूर झालं आहे.

सगळ्यांत जास्त उल्लेख माझ्या त्या बसण्याच्या जागांवरच्या लेखाचे झाले. भोपळे, तू मला ओळखतेस, मी स्वतःवर खूश होणारी बाई नाही. पण काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खोलीत एकटीच बसून राहिले. आपण लिहितो ते विहिरीत टाकतो असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. आणि कुठे कुठे, माझ्या ओळखीतही नसलेली माणसं ते वाचत होती. पहिल्या पगाराच्या दिवशीसुद्धा मला असं वाटलं नव्हतं.

चिरंजीवाला मी जाहीरपणे शाबासकी दिली. पुढल्या अंकापासून संपादक म्हणून त्याचं नाव माझ्या नावाशेजारी येईल. आता पट्टी नाही, चष्मा नवा आहे. कोण काय म्हणतं आहे ते सावकाश वाचणार आहे.

तुझी,
हवालदार


६ जुलै

प्रिय हवालदार,

अभिनंदन. मनापासून. तुझ्या भावाने पत्र दोनदा वाचलं आणि डोळे पुसले, चष्म्याचं निमित्त करून.

इथे कामाचा ढीग आहे. पुढच्या मार्चमध्ये निवृत्ती, त्याच्या आधी सगळं मार्गी लावायचं. म्हणून चार ओळीच.

एक सांगते, ऐकशील तर. आकडा आला, खोली राहिली, आता ते तसंच राहू दे. कुणी कुठे काय म्हटलं याच्या फार खोलात जाऊ नकोस. डोळ्यांना त्रास होईल.

तुझी,
भोपळा


२ ऑगस्ट

भोपळे,

मी खोलात गेले. मी जाणार हे तुला माहीत होतं, नाहीतर तू तसं लिहिलं नसतंस.

आधी दोन आठवडे काहीच केलं नाही. उल्लेखांची यादी नुसती उशाशी ठेवून होते. मग चष्म्याची सवय झाली आणि म्हटलं, जे दुसऱ्यांच्या संदर्भांचं करते ते आपल्यांचं का नाही. माझा उल्लेख करणारे सगळे लेख मागवून टेबलावर उघडले.

पहिला लेख होड्या बांधणाऱ्यांवर. त्यात मध्येच एक वाक्य, "घरातील आसनव्यवस्थेसाठी पाहा", आणि पुढे माझं नाव. त्या परिच्छेदात घर नाही, आसन नाही. दुसरा लेख बाजारातल्या वजनमापांवर. तेच वाक्य. तिसऱ्यात शब्द थोडे फिरवले होते. ज्यांनी माझं नाव घेतलं त्यांतल्या एकानेही माझा लेख वाचलेला नाही. एकाने तर मला पुरुष केलं आहे. आणि सगळे लेख फक्त दोन नियतकालिकांतले. आलटून पालटून तीच दोन.

मग मी आमचेच गेल्या वर्षीचे अंक काढले. माझ्या टेबलावरून गेलेले लेख, ज्यांची ओळ न् ओळ मला पाठ आहे. त्यांत प्रत्येकात एखादं वाक्य असं होतं की जे टेबलावर आलंच नव्हतं. त्याच दोन नियतकालिकांची नावं घेणारं. मी पडताळून सोडल्यानंतर आणि छापखान्यात जाण्याआधी घातलेलं. तेवढ्या वाटेवर एकच माणूस असतो.

काल त्याला समोर बसवलं. त्याने नाकारलंही नाही. "बाई, आम्ही त्यांची नावं घ्यायची, त्यांनी आमची. सगळेच करतात." मी म्हटलं, "इतकं बेतशीर, कुणाच्या नजरेत न येईल असं कसं जमवलंस?" तो खिडकीबाहेर सायकलींकडे बघत म्हणाला, "मॅडमनी सांगितलं किती चालतं ते."

मी विचारलं, कोण मॅडम. उत्तर मला माहीत होतं, तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

आता तुझ्याकडून ऐकायचं आहे. हो की नाही, एवढंच लिही.


११ ऑगस्ट

प्रिय हवालदार,

हो.

एवढंच लिही म्हणालीस, पण मी एवढंच लिहिणार नाही. इतक्या वर्षांत तू माझं बोलणं पुरं ऐकून घेतलेलं नाहीस, निदान वाचून घे.

तो आमच्या टेबलाशी बसून रडला. खोटं नव्हे, खरंच. म्हणाला, "त्रैमासिक बंद झालं तर मी दुसरीकडे कुठेतरी लागेन, पण बाई त्या खोलीबाहेर जगणार नाहीत." तुझा भाऊ पाणी प्यायला उठला तो स्वयंपाकघरातच उभा राहिला. मग त्या पोराने विचारलं की अशी देवाणघेवाण केली तर पकडली जाते का. मी म्हटलं, "एकाच ठिकाणाहून येणारे उल्लेख ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की आमचं यंत्र तांबडी खूण करतं." त्याने विचारलं, "ते प्रमाण किती?" मी सांगितलं. ते बाहेर कुणाला सांगायचं नसतं. मी त्याला कुंपण कुठे आहे ते दाखवलं, उडी मार म्हटलं नाही. त्याने उडी मारली हे यादीवर सही करताना मला दिसलं. तरी मी सही केली.

का, ते विचारू नकोस. तुला कळवलं का नाही, ते तुला माहीत आहे. कळवू नकोस असं तूच म्हणाली होतीस.

माझ्याकडे इतकी नियतकालिकं येतात. निम्म्यांत हेच चालतं, जरा जास्त हुशारीने. तुझं एक त्यात सच्चं होतं आणि तेच बुडणार होतं. माझ्या हातात होतं म्हणून मी ते धरलं. आता तुला काय करायचं ते तुझ्यापुरतं कर. चिरंजीवाला काढ, ती वाक्यं पुढच्या अंकापासून बंद कर. आकडा हळूहळू उतरेल, तोवर समितीतली माणसं बदलतील. माझे सात महिने राहिलेत. ते मला सरळ घालवू दे. मी तुझ्यापुढे पदर पसरते, हवालदार. हे वाक्य मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही.

तुझी,
भोपळा


२० ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र पुरं वाचलं.

विद्यापीठाच्या समितीला आणि तुझ्या कार्यालयाला मी काल लेखी कळवलं. कोणत्या लेखात कोणतं वाक्य नंतर घातलं, कुठल्या दोन नियतकालिकांशी संगनमत होतं, ते सगळं सोबत जोडलं. आमचं नाव यादीतून काढून टाका असं मीच लिहिलं आहे. सहसंपादकाचं नाव लिहिलं. त्याला ते प्रमाण कुणी सांगितलं, तेही लिहिलं.

तुझं नाव गाळता आलं असतं, असं धाकटा फोनवर म्हणाला. नसतं आलं. मी लेखकांना आयुष्यभर हेच सांगत आले की माहिती जिथून आली त्या जागेचं नाव द्यावंच लागतं. सोयीचे संदर्भ द्यायचे आणि अडचणीचा लपवायचा, हे मी कुणालाही करू दिलं नाही. तुझ्यासाठी केलं असतं तर त्या टेबलाला काही अर्थ राहिला नसता.

तू म्हणतेस, माझं एक त्यात सच्चं होतं. मग तेच खोटं करून माझ्या हातात का दिलंस? बंद पडलं असतं तर मी ते खरं म्हणून पुरलं असतं. आता ते मला कुणाला दाखवता येणार नाही. आणि त्या जूनच्या संध्याकाळी मी खोलीत एकटी बसून काय समजत होते, ते तू माझ्या पत्रात वाचलंस, आणि उत्तरात अभिनंदन लिहिलंस. मनापासून. तेवढं मला सोसत नाही. बाकीचं सोसेन.

बाकी तुझ्या पत्रात मी काही कळवू नकोस म्हटल्याचा उल्लेख आहे. मदत मागणं वेगळं आणि हे वेगळं. त्यावर अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही.


१४ डिसेंबर

तीर्थरूप वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या भावाची तब्येत बरी आहे. गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत करायचं ठरलं आहे. तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये, माझा भाचा येणार आहे. खिडकीजवळची खुर्ची आम्ही आतल्या खोलीत नेली. पाय वर घेऊन बसायला तिथे सोयीचं पडतं.

माझी चौकशी मागच्या आठवड्यात संपली. नोकरी गेली. निवृत्तीनंतरचं जे असतं त्याबद्दल नंतर कळवतील. तुमचं त्रैमासिक बंद झाल्याचं वाचलं. त्या खोलीत खुर्च्या रचल्यात आणि टेबल तुम्ही स्वतःच्या घरी नेलंत, असं चिरंजीवांकडून कळलं. त्यांना दुसऱ्या विद्यापीठात जागा मिळाली आहे. त्यांनी चौकशीत सगळं माझ्यावर टाकलं, ते त्यांच्या वयाला धरून झालं.

चौकशीला तिघे होते. तुमचा अहवाल समोर होता. त्यांनी फार वाखाणला. एक जण म्हणाले, "इतका निःस्पृह अहवाल आम्ही पाहिलेला नाही. घरच्या माणसाचंही नाव दिलंय." मग त्यांनी मला विचारलं, "हे तुम्ही आपण होऊन केलंत, की कुणी करायला सांगितलं?" तुमचा अहवाल मी तोपर्यंत पुन्हा एकदा वाचून काढला होता. त्यात चिरंजीव होते, मी होते, ती दोन नियतकालिकं होती. आणखी कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "कुणी सांगितलं नाही. माझं मीच केलं."

त्यांनी दोनदा विचारलं. घरातून काही दबाव, काही विनंती, एखादं पत्र? म्हणाले, तसं काही असेल तर शिक्षा सौम्य होऊ शकते. तुमचे भाऊ बाहेर बाकावर बसले होते, आणि तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. त्यांनीच घरून निघताना ते आत घातलं होतं. मी म्हटलं, "नाही."

परतताना ते पर्सकडे बघत होते. मी नकारार्थी मान हलवली.

सोबत तुमचं चार फेब्रुवारीचं पत्र परत पाठवते आहे. आता ते इथे ठेवायचं कारण नाही. शेवटून दुसरा परिच्छेद. टेबल तुमच्या घरी आलंच आहे. त्यावर पत्र उघडा, वाक्यावर बोट ठेवा, आणि तिथे काय लिहिलं आहे ते तुम्ही स्वतः पाहून घ्या.

आपली,
वहिनी